मोठी गाडी जरूर घ्या, पण आधी बॉनेट उघडून पाहा



गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपली होती. आम्ही दोघे-तिघे विहारातल्या सतरंज्या गुंडाळत होतो. तेवढ्यात आमच्या घाटकोपरच्या वस्तीतला एक तरुण मोबाइल पुढे करीत म्हणाला, "काका, ही बघा. फक्त आठ लाख!"

फोटोत काळी, उंच, चकचकीत गाडी उभी होती. फोर-व्हील-ड्राइव्ह, डिझेलची, दिल्लीच्या नंबरची, नऊ वर्षे जुनी. नवी असताना तिची किंमत तीस लाखांच्या घरात होती. हा मुलगा एका खासगी कंपनीत साहेबांची गाडी चालवतो. पगार बत्तीस हजार. आई इस्पितळात आयाचे काम करून निवृत्त झालेली. आईच्या फंडातले दोन लाख आणि कर्जाचे सहा लाख, असा बेत ठरला होता. टोकन म्हणून पंचवीस हजार दुसऱ्या दिवशी द्यायचे होते.

मी म्हटले, "घाई करू नकोस." तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "काका, दुसऱ्यांच्या मोठ्या गाड्या मी दहा वर्षे पुसतोय. आपल्या माणसाने अशा गाडीत मालक म्हणून बसूच नये का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणूनच आजचा लेख.

वाहनाचा आणि आपल्या मानाचा संबंध फार जुना आहे. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लिखाणातले प्रसंग आठवा. १९०१ साली लहानगा भीम भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघाला आणि मसूर स्टेशनावर उतरला. मुले महाराची आहेत हे कळताच बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे द्यावे लागले आणि गाडीही मुलांनाच हाकावी लागली. पुढे १९२९ साली, बॅरिस्टर झालेले, सरकारी समितीचे सभासद असलेले बाबासाहेब चाळीसगावला उतरले. तेथील टांगेवाल्यांनी त्यांना न्यायला नकार दिला. आपल्या नेत्याला महारवाड्यापर्यंत पायी नेणे लोकांना कमीपणाचे वाटले. म्हणून तडजोड झाली : टांगा भाड्याने मिळेल, पण हाकणारा मिळणार नाही. आपल्यातलाच एक जण लगाम धरून बसला. त्याने टांगा कधी हाकलेला नव्हता. मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. टांगा घोड्यासकट खाली नदीत गेला.

या प्रसंगाकडे बाबासाहेबांनी कसे पाहिले? जातीयतेवर त्यांनी बोट ठेवलेच. पण आपल्याच लोकांनी सुरक्षिततेपेक्षा मानाला अधिक किंमत दिली, हेही त्यांनी नोंदवून ठेवले. लोकांची माया खरी होती, मानाची ओढही खरी होती. मात्र हाकणाऱ्याला हाकता येते का, हे कोणी पाहिले नाही.

म्हणून मी त्या मुलाला म्हटले, "बसावे, जरूर बसावे. पण चाळीसगावचा टांगा होऊ देऊ नये." पुढच्या रविवारी आम्ही गाडी पाहायला गेलो. ओळखीचा एक मेकॅनिक बरोबर घेतला. त्याचे पाचशे रुपये आणि चहा, एवढाच खर्च. त्या दिवशी जे पाहिले आणि त्याआधी जे शिकलो, ते क्रमाने सांगतो.

गाडी स्वस्त का आहे?

पहिला प्रश्न हाच विचारा. दिल्लीची डिझेल गाडी आपल्याकडे स्वस्त मिळते त्याला कारण आहे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने ती २०१८ मध्ये उचलून धरली. २०२५ मध्ये न्यायालयाने कारवाईबाबत काही सवलत दिली खरी, पण मधल्या काळात नवव्या-दहाव्या वर्षाच्या असंख्य गाड्या मिळेल त्या भावाने बाहेरच्या राज्यांत गेल्या. गाडी वाईटच असते असे नाही. पण मालकाने विकायची घाई केली की शेवटची दोन वर्षे तो तिच्यावर खर्च करीत नाही, हे ध्यानात ठेवा.

शिवाय परराज्यातली गाडी येथे बारा महिन्यांहून अधिक ठेवायची तर तिची नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे. महाराष्ट्राचा वाहन कर पुन्हा भरावा लागतो. तो गाडीची मूळ किंमत आणि वय पाहून ठरतो. मोठ्या गाडीला ही रक्कम लाखाच्या पुढे जाऊ शकते. तिकडे भरलेल्या कराचा परतावा मिळवण्यासाठी खेटे घालायचे ते वेगळेच. दलाल आठ लाख सांगतो, हा कर सांगत नाही. अंधेरी, बोरिवली किंवा वडाळा, आपल्या भागाचे जे आरटीओ असेल तेथे आधी आकडा विचारा, मगच भाव करा.

पाण्यात बुडालेली गाडी

आपण मुंबईकर. २६ जुलै २००५ कोण विसरेल? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उपनगरांत गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. पुढे २९ ऑगस्ट २०१७ ची मुंबई, २०१९ चे सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ चे चिपळूण. प्रत्येक पुरानंतर विमा कंपन्या पूर्ण नुकसान झालेल्या गाड्यांची भरपाई देतात आणि त्या गाड्या लिलावात जातात. त्यातल्या काही धुऊन-पुसून, रंग मारून पुन्हा बाजारात उभ्या राहतात. वरून काही कळत नाही. सहा महिन्यांनी मात्र वायरिंग गंजू लागते आणि एकेक यंत्र बंद पडते.

ओळखायचे कसे? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. रोज वापरात न येणाऱ्या त्या टोकाला चिखलाचा डाग राहिलेला असतो. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे का पाहा. गालिचा उचलून हात लावा, वास घ्या. दिव्यांच्या काचेत आतून पाण्याची रेघ आहे का, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का, फ्यूजच्या डब्यात पांढरट-हिरवट बुरशी आहे का, तेही पाहा. त्या रविवारी आमच्या मेकॅनिकने मागचा सीटबेल्ट ओढला. टोकाला मातकट पट्टा होता. मुलाने तो पाहिला आणि काही बोलला नाही.

इंजिन थंड असताना जा

विकणाऱ्याला सांगा, "आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका." गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले तर आधीच चालवून ठेवली आहे असे समजा. थंड डिझेल इंजिन किती वेळात सुरू होते, त्यावरून पुष्कळ कळते. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जळते आहे. काळा धूर थांबतच नसेल तर इंजेक्टर, टर्बो किंवा हवेच्या मार्गात दोष असू शकतो. पांढरा धूर थंडीत क्षणभर चालेल, पण इंजिन तापल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर सावध व्हा. थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडा. पाण्यावर तेलकट तवंग दिसला तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्या. गरम असताना ते झाकण चुकूनही उघडू नका, चेहरा भाजतो.

किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. तो मागे फिरवता येतो. मीटर साठ हजार दाखवत असेल, पण स्टिअरिंगचे कातडे गुळगुळीत आणि ब्रेकच्या पायट्याचे रबर झिजलेले असेल तर मीटर खोटे बोलत आहे. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालातल्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. रबर चांगले दिसले तरी फार जुना टायर भरवशाचा नसतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीची जुनी नोंद असते. मालकाला बरोबर नेऊन ती पाहा.

चारही चाके खरोखर ओढतात का?

फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत इंजिनाची ताकद चारही चाकांना पोचवणारा एक वेगळा गिअरबॉक्स असतो. शहरात वर्षानुवर्षे तो कोणी वापरत नाही, म्हणून तो जाम झालेला असतो. मोकळ्या मातीच्या जागेवर गाडी न्या. 'फोर हाय' आणि 'फोर लो' दोन्ही लावून पाहा. दिवा नुसता लुकलुकत राहिला, खडखड आवाज आला किंवा गिअर पडलाच नाही, तर दुरुस्ती मोठी आहे. ज्या गाड्यांत ही सोय गरजेपुरती लावायची असते, त्या कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाके जोडून वळवू नयेत, यंत्रावर ताण येतो. गाडीखाली वाकून पुढच्या-मागच्या डिफरन्शिअलला तेलाची गळती आहे का ते पाहा.

आणि एक सांगतो. चारही चाके ओढणारी गाडी पाण्यातून तरते, हा गैरसमज आहे. अंधेरीच्या किंवा मिलन सबवेत पाणी भरले की हवेच्या नळीतून पाणी इंजिनात जाते आणि लाखोंचे इंजिन मिनिटात निकामी होते. कोकणातल्या किंवा घाटातल्या चिखलाच्या वाटेवर ही सोय कामाची आहे. चैत्यभूमीला, दीक्षाभूमीला किंवा महाडला चवदार तळ्यावर जायला डांबरी रस्ता आहे. मग ही सोय आपल्याला हवी आहे का, याचा विचार करा. त्याच जातीची दोन चाके ओढणारी गाडी कमी किमतीत मिळते आणि दुरुस्तीही कमी निघते.

कोणती गाडी?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. मी एकच सूत्र सांगतो : गाडीची किंमत जुनी होते, सुट्या भागांची किंमत जुनी होत नाही. साठ लाखांची परदेशी गाडी दहा वर्षांनी दहा लाखांना मिळेल, पण तिचे हवेवर चालणारे सस्पेन्शन बिघडले तर बिल साठ लाखांच्या गाडीचेच येईल. फॉर्च्युनर येथे २००९ पासून विकली जाते. इंजिन टिकाऊ आणि भाग मिळतात असा तिचा लौकिक आहे, म्हणूनच ती जुनीही महाग आहे. एंडेव्हर दणकट गाडी, पण फोर्ड कंपनीने २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. सर्व्हिसची सोय ठेवली आहे, तरी कोणता भाग किती दिवसांत आणि कितीला मिळेल हे आधी विचारा. पजेरोचेही तसेच, मित्सुबिशी आता येथे गाड्या विकत नाही. स्कॉर्पिओ, सफारी यांचा तोरा थोडा कमी असेल, पण गावच्या एस.टी. स्टँडजवळही त्यांचा मेकॅनिक सापडतो. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर एक फेरी मारा आणि क्लच, टर्बो, हेडलाइट यांचे भाव कागदावर लिहून आणा. तो कागद वाचून झाल्यावर गाडीचा फोटो पुन्हा पाहा.

कागद हेच खरे मालक

गाडीचा नंबर टाकून एम-परिवाहन ॲपवर नोंदणी, विमा आणि फिटनेसची मुदत पाहा. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. न भरलेले ई-चलान तपासा. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. कोऱ्या फॉर्मवर सही करून 'नंतर करू' असे म्हणणाऱ्याला नमस्कार करा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची केली आहे, तीही पाहा. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर असतो. तेव्हा बारा वर्षांची गाडी घेताना उरलेली तीन वर्षेच मोजा.

विकणाऱ्यांनीही ऐकावे. गाडी विकली पण नाव बदलले नाही आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केले आहे. घेणाऱ्याने चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. तसे केले नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

पुष्कळ मुले म्हणतात, "लग्नसराईत भाड्याने लावू, हप्ता निघेल." खासगी पांढऱ्या पाटीची गाडी परवान्याशिवाय भाड्याने चालवणे बेकायदा आहे. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. धंदा करायचा तर परवाना काढून, पिवळी पाटी लावून उजळ माथ्याने करा.

आता हिशेब

मी कारकून माणूस, आकड्याशिवाय समाधान होत नाही. सहा लाखांचे कर्ज, व्याज शेकडा १४ आणि मुदत पाच वर्षे धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे १३,९६० रुपये. पाच वर्षांत ८,३७,६०० रुपये फेडायचे, त्यातले २,३७,६०० निव्वळ व्याज. महिन्याला हजार किलोमीटर, लिटरला दहा किलोमीटर आणि डिझेलचा भाव ९० रुपये धरला तर ९,००० रुपये. विमा, टायर, सर्व्हिस आणि अवचित दुरुस्ती यांसाठी निदान ५,०००. पावणेपाच मीटरच्या आसपास लांबीची गाडी गल्लीत मावत नाही, म्हणून पार्किंगचे २,०००. बेरीज २९,९६०. पगार बत्तीस हजार. घर दोन हजारांत चालवायचे का?

हा कागद मी त्या मुलाच्या घरी आईसमोर ठेवला. माउलीने चष्मा लावून तो दोनदा वाचला. म्हणाल्या, "भाऊ, फंड माझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनला ठेवला होता. पोरगा एवढा हौसेने बोलत होता, म्हणून मी काही म्हटले नाही."

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायात आणि चौथा भाग अडचणीच्या काळासाठी राखून ठेवायचा. आपल्या पगारात चार सारखे भाग पडत नाहीत, हे मलाही कळते. पण चौथ्या भागाला हात लावून पहिल्या भागाची हौस भागवायची नाही, एवढे तर आपल्या हातात आहे. त्या माउलीचा फंड हा चौथा भाग होता.

धम्माला 'एहिपस्सिक' म्हणतात. या आणि स्वतः पाहा. कालामांनाही तथागतांनी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका असेच सांगितले. जो माणूस धम्म तपासून घेतो, त्याने दलालाच्या शब्दावर गाडी का घ्यावी?

ती गाडी घेतली नाही. मुलगा पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही. विहारातही मागे बसायचा आणि वंदना संपताच निघून जायचा. मला वाईट वाटले, पण टोकनचे पंचवीस हजार आईच्या खात्यात होते. गेल्या रविवारी तो स्वतःहून आला. आईच्या डोळ्यांची तारीख मिळाली होती, ती सांगायला. जाताना म्हणाला, "काका, गाडी मी घेणारच."

मी म्हटले, "घे. त्या दिवशी मीच हार घालीन. मात्र सीटबेल्ट आधी ओढून पाहू."

तो हसला. पुष्कळ दिवसांनी हसला.

जय भीम! नमो बुद्धाय!